धुरपताबाईला कोणी ढकललं?

धुरपताबाईला गावात कोणी म्हातारी म्हणत नसे. तेवढी हिंमत कोणात नव्हती. सावली या तालुक्याच्या गावापुढं, वैनगंगेच्या अंगाला असलेल्या त्या गावात ती तरुणपणापासून रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, बायांची म्होरकी होती. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कोणत्या बाया जातील ते ती ठरवायची, आणि शेतमालकाशी भांडायची वेळ आली तर पुढं तीच व्हायची. उंच, रुंद खांद्यांची, ताठ. दिवसभर चिखलात वाकून धान रोवायची, पण संध्याकाळी बांधावर उभी राहिली की इतर बाया तिच्या खांद्याला लागायच्या. नवरा तापानं गेला तेव्हा मुलगा प्रवीण रांगत होता. तिनं दुसरं घर केलं नाही, भावाच्या दारात जाऊन बसली नाही. लोक तिला मागून ‘सागाची बाई’ म्हणत. ते तिच्या कानावर आलं होतं आणि तिला आवडलं होतं.

माणसं मात्र तिला फारशी आवडत नसत. कोणी दुखणं सांगायला लागलं की तिला राग यायचा. बांधीत एखादी बाई कंबर धरून उभी राहिली तर ती सगळ्यांसमोर म्हणायची, “दुखते तं घरी निज. इथी कायले आली?” एकदा ती स्वतः बांधावरून घसरून हातावर पडली. मनगट मोडलं. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या लावून ते बांधलं. हाड वाकडं बसलं, पण पुढच्या रोवण्याला ती पुन्हा चिखलात होती. ते वाकडं मनगट ती बायांना दाखवायची, एखाद्या मेडलसारखं.

सून आली ती ब्रह्मपुरीची. दिव्यानी, कॉलेजात शिकलेली, घरी मशीन टाकून ब्लाऊज शिवणारी. प्रवीण सावली ते गडचिरोली काळीपिवळी जीप चालवायचा आणि दिवसभर बाहेर असायचा. घरात उरायच्या या दोघी. पहिल्याच महिन्यात धुरपताबाईनं सांगून टाकलं, “शिकलेली असशीन तं तुह्या बापाच्या घरी. इथी माहं चालते.” दिव्यानी उलट बोलली नाही, पण खाली मानही घातली नाही. धुरपताबाईला ते उलट बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मग फळीचं भांडण झालं.

स्वयंपाकघरात भिंतीला एक फळी होती. तिच्यावर मिठाची बरणी आणि धुरपताबाईची गुडाखूची डबी असायची. गुडाखू, म्हणजे ती तंबाखूची काळी पेस्ट, ती सकाळ-संध्याकाळ दातांना घासायची. एका सकाळी तिनं सवयीनं हात वर केला आणि बोटं डबीच्या खालीच राहिली. टाचा उंचावल्या, तरी पुरली नाहीत.

“फळी कोणं वर नेली?” ती ओरडली.

“कोणीच नाई, आई,” दिव्यानी म्हणाली.

“मंग हे फळी का आपल्या मनानं वर चढली? मले गुडाखू खाऊ द्याची नाई, म्हणून केलं तुनं हे.”

संध्याकाळी प्रवीणनं फळी उतरवून दाखवली. मागं तीच जुनी भोकं, त्याच जुन्या गंजक्या खुंट्या. धुरपताबाई म्हणाली, “तू बी तिच्याच पार्टीतला.”

पुढं लुगडं धुळीत लोळायला लागलं. ते तिनं दुकानदारावर ढकललं, मग दिव्यानीच्या धुण्यावर. पाठीत कळ यायची, ती वाताची म्हणून टाकून दिली. बसल्यावर बरगड्या कमरेच्या हाडाला टेकायला लागल्या होत्या, ते तिनं कोणालाच सांगितलं नाही. एकदा ब्लाऊजचं माप घेताना दिव्यानी पाठीवर टेप धरून थांबली आणि काळजीनंच म्हणाली, “आई, तुमी वाकल्या जी. डॉक्टरले दाखवा लागते.”

धुरपताबाईनं टेप तिच्या हातातून हिसकला. “मी वाकली? तुह्यासमोर वाकली? आजलोक कोणासमोर नाई वाकली, अन् तुह्यासमोर वाकन?”

त्या दिवशी तिनं सपरीच्या, म्हणजे पडवीच्या, कोपऱ्यात वेगळी चूल मांडली. भात, मिरचीचा ठेचा, काळा चहा. सुनेच्या हातचं पाणीही बंद. घरात म्हैस होती, पण दुधाला ती तोंड लावायची नाही. दूध हे लहान लेकरांचं आणि आजाऱ्यांचं, असं ती जन्मभर मानत आली होती.

धान कापून झालं होतं. मंडईचे, म्हणजे कापणीनंतरच्या जत्रांचे, दिवस होते, गावात पाहुणे येत-जात होते. धुरपताबाई नळावरून पाण्याचा गुंड भरून कमरेवर घेऊन आली. सपरीच्या पायरीशी तिचा श्वास अडकला. दिव्यानी मशीनवरून उठून पुढं आली आणि गुंड घ्यायला तिनं दोन्ही हात पुढं केले.

“हात नको लावू!” म्हणत धुरपताबाई झटक्यानं वळली.

त्याच क्षणी तिच्या जांघेत काहीतरी कडकन वाजलं आणि ती बाजूवर कोसळली. गुंड गडगडत अंगणात गेला. समोरच्या घरातली भागीरथा दारात तांदूळ पाखडत होती. आवाजानं तिनं मान वर केली तेव्हा तिला दिसली ती जमिनीवर पडलेली म्हातारी आणि तिच्यावर दोन्ही हात पसरून उभी असलेली सून.

“अवं, सुनेनं ढकललं व बाई! सुनेनं ढकललं!”

लोक जमले. कोणीतरी धुरपताबाईला विचारलं, “काय झालं?” तिचा डावा पाय आखूड होऊन बाहेर वळला होता. वेदनेनं तोंड पांढरं पडलं होतं. तिनं दिव्यानीकडं पाहिलं.

“इनंच,” ती म्हणाली. “इनंच ढकललं मले.”

फोन करून बोलावल्यावर प्रवीणनं येऊन तिला जीपमध्ये आडवी टाकून गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. दिव्यानी जीपमध्ये चढायला लागली तेव्हा भागीरथानं तिचा पदर धरून तिला मागं ओढलं.

धुरपताबाईचा धाकटा भाऊ गुणवंतराव ब्रह्मपुरीजवळच्या गावात राहायचा. तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचला, दम्यानं धापा टाकत, काठी आपटत. त्याचीही पाठ गोल झाली होती, पण आवाज अजून पाटलासारखा होता. प्रवीणला तो वॉर्डातच म्हणाला, “तुही बायको खुनी हाय. पोलीस आले पाह्यजे.” आणि पोलीस आले. जमादारानं खाटेपाशी खुर्ची ओढून विचारलं. धुरपताबाईनं तेच सांगितलं: सुनेनं ढकललं.

दिव्यानीला ठाण्यात बोलावून दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. तिचा बाप दादाजी ब्रह्मपुरीहून आला. ठाण्याच्या दारात त्यानं प्रवीणला एवढंच विचारलं, “तुहं काय म्हणणं हाय?” प्रवीण म्हणाला, “मी तिथी नव्हतो, मामाजी.” दादाजी लेकीला घेऊन निघून गेला. जाताना दिव्यानीनं नवऱ्याकडं वळूनही पाहिलं नाही.

हाडांचे डॉक्टर बोरकुटे तुसडे होते. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि गुणवंतराव, प्रवीण दोघांना जवळ बोलावलं.

“खुब्याचा बॉल मोडला आहे. नवीन बसवावा लागेल, तो बसवू. पण हे बघा.” त्यांनी पाठीच्या मणक्यांवर पेन ठेवलं. “हा मणका चेपला. हा पण. हा पुढून पाचरीसारखा झाला. हे काल-परवाचं नाही, वर्षा-दोन वर्षांचं आहे. आजी, तुमची उंची कमी झाली का?”

धुरपताबाई छताकडं पाहत राहिली.

“लुगडं पायात येतं का? वरचं काही हाताला लागत नाही, असं होतं का?”

प्रवीणनं मान खाली घातली. त्याला फळी आठवली.

डॉक्टरांनी बाकीचं विचारून घेतलं. प्रवीण शाळेत जायला लागला त्या सुमाराला अंगावरून फार जायचं म्हणून तिची पिशवी काढली होती, दोन्ही अंडाशयांसकट. “तेव्हापासून हाड झिजायला लागलं असेल. बाईची पाळी लवकर बंद झाली की हाड लवकर पोकळ होतं. त्यात तंबाखू, त्यात दूध नाही, अन् ते मनगट मोडलं तेव्हाच तपासायला पाहिजे होतं. साध्या पडण्यानं मनगट मोडतं, तो पहिला इशारा असतो.”

“पण सुनेनं ढकललं ना साहेब,” गुणवंतराव म्हणाला. “तुमी तसं लिहून द्या.”

“मी तिथे होतो का?” डॉक्टर म्हणाले. “एवढ्या पातळ हाडाचा माणूस पडून मोडतो, अन् कधी उभ्या उभ्या मोडून मग पडतो. एक्स-रेत ते दिसत नाही. ते फक्त आजींना माहीत. पण मणके कोणी ढकलून चेपले नाहीत, एवढं मी सांगतो.” मग त्यांची नजर गुणवंतरावाच्या पाठीवर गेली. “तुमचं वय काय? दमा किती वर्षांचा? त्या दम्याच्या गोळ्या बाजारातून आणून रोज खाता ना? तुम्ही पण तपासून घ्या. त्या गोळ्या हाड खातात.”

“मी?” गुणवंतराव उसळला. “हे बायकायचं दुखणं हाय. मले काय तपासता?”

“हाडाले माहीत नसते बाई का माणूस,” डॉक्टर पहिल्यांदाच त्याच्या बोलीत बोलले. “माणसाचं उशिरा झिजते, पण झिजते. अन् माणूस तपासायले येत नाई, म्हणून जास्त मरते.”

गुणवंतराव काठी आपटत बाहेर गेला. बाहेरच्या बाकावर बसलेल्या लोकांना तो बराच वेळ डॉक्टराला शिव्या देताना ऐकू येत होता.

ऑपरेशन झालं. धुरपताबाई घरी आली ती चौकटीच्या वॉकरवर. घरात चूल एकच उरली होती आणि ती पेटवायला कोणी नव्हतं. प्रवीण जीप सोडून भात शिजवायचा, कच्चा किंवा करपलेला. तो आईशी बोलत नव्हता. ताट खाली ठेवायचा आणि बाहेर जाऊन बसायचा. भागीरथा रोज यायची, सहानुभूती घेऊन आणि नवीन बातमी शोधत. “तुह्या जागी दुसरी असती तं मेली असती. केवढ्या जोरानं ढकललं तिनं, मी डोळ्यानं पाह्यलं,” ती म्हणायची. धुरपताबाई ऐकायची. त्या बाईचा आवाज तिला दिवसेंदिवस नकोसा होत गेला.

कारण तिला ठाऊक होतं. जांघेत जे कडकन वाजलं होतं, ते कोणाचाही हात लागायच्या आधी वाजलं होतं. सुनेची बोटं तर तिच्या अंगापर्यंत पोचलीच नव्हती. जमिनीवर पडल्या पडल्याच तिला हे कळलं होतं. आणि तरी तोंडातून ‘इनंच’ निघालं होतं. ढकललेल्या बाईकडं लोक दयेनं बघतात, तिच्या वतीनं भांडतात. पण जिला गाव सागाची म्हणतं, ती गुंड घेऊन वळताना आपल्या आपणच मोडली, हे कोणाला सांगायचं? त्यापेक्षा सून खुनी असलेली बरी, असं तिला त्या क्षणी वाटलं होतं. नंतर ते मागं घ्यायची वाटच सापडली नाही.

वाट गुणवंतरावानं दाखवली, स्वतःला नको असताना. तो बहिणीला भेटायला ब्रह्मपुरीहून बसनं निघाला होता. मागच्या सीटवर बसला होता. बस एका खड्ड्यात आदळली, सगळे प्रवासी उसळले आणि पुन्हा बसले, तसा तोही बसला. पण बसता बसता किंचाळला. त्याला दोघांनी धरून धुरपताबाईच्या घरी आणलं आणि सपरीतल्या खाटेवर निजवलं. त्याला कूस बदलता येत नव्हती.

“कोणं ढकललं तुले?” धुरपताबाईनं विचारलं.

“कोण ढकलन? सीटवर बसलो होतो मी. बस आदळली.”

“सगळेच आदळले असतीन.”

“हो.”

“मंग बाकीचे काऊन नाई मोडले?”

गुणवंतराव वेदनेनं आणि रागानं तिच्याकडं पाहत राहिला. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, मणका चेपला. गोळ्या हळूहळू बंद करून दम्यासाठी पंप सुरू केला. ते ऐकल्यावर धुरपताबाईनं प्रवीणला हाक मारली. बऱ्याच दिवसांनी तिनं त्याला नावानं हाक मारली होती.

“जीप काढ. ब्रह्मपुरीले जाऊ.”

“कायले?”

“सांगतलं ना, काढ.”

दादाजीच्या घरासमोर जीप थांबली तेव्हा अंगणात दिव्यानीची आई पापड वाळत घालत होती. तिनं आत जाऊन नवऱ्याला सांगितलं. दादाजी दारात आला आणि दार अडवून उभा राहिला.

“आत नाई यायचं,” तो म्हणाला.

“आत येयाचं कोणाले हाय,” धुरपताबाई म्हणाली. वॉकर अंगणात टेकवून ती उभी राहिली. शेजारचे लोक कुंपणापाशी येऊन थांबले. तिनं त्यांना हाकललं नाही. दिव्यानी बापाच्या मागं येऊन उभी राहिली.

“मले इनं नाई ढकललं,” धुरपताबाई मोठ्यानं म्हणाली. “माहं हाड आपल्या मनानं मोडलं. मी झूट बोलली.”

दिव्यानी बापाला बाजूला करून पुढं आली. ती रडत नव्हती.

“इथी सांगून काय उपयोग?” ती म्हणाली. “या लोकायनं मले खुनी नाई म्हटलं. तुमच्या गावानं म्हटलं. ठाण्यात मले बाकावर बसोलं, तिथी सांगा. भागीरथाबाईच्या दारात सांगा. मंग पाहू.”

“तू मले दारोदार फिरोशीन?”

“हो.”

प्रवीणनं आईचा हात धरायला हात पुढं केला. तिनं तो झटकला.

पण ती ठाण्यात गेली. जमादारानं तिला झापलं, खोटी तक्रार केल्याबद्दल तिलाच आत टाकतो म्हणाला. ती उभी राहून ऐकत होती, कारण बसायला कोणी खुर्ची दिली नव्हती. मग ती भागीरथाच्या दारात गेली. भागीरथा म्हणाली, “मी डोळ्यानं पाह्यलं ना!” धुरपताबाई म्हणाली, “तुनं माती पाह्यली. अन् तुहं तोंड आता बंद ठेव, नाई तं माह्या घराकडं पाहू नको.” गल्लीतल्या बाया दारात येऊन ऐकत होत्या. सगळ्या जन्मात धुरपताबाईला एवढी शरम कधी वाटली नव्हती, आणि ती शरम तिच्या चेहऱ्यावर रागासारखीच दिसत होती.

दिव्यानी परत आली. पण नवऱ्याला तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, “तू त्या दिवशी ‘मी तिथी नव्हतो’ म्हणालास. ते मी इसरनार नाई.” प्रवीणनं मान हलवली. पुढं पुष्कळ दिवस ते दोघं कामापुरतंच बोलत.

डॉक्टरांनी धुरपताबाईला आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी दिली होती. सकाळी उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास ताठ बसायचं. आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, नाही तर अन्ननलिका भाजते. त्याशिवाय कॅल्शियम, ऊन, दूध. गुडाखू बंद. धुरपताबाईनं पहिल्या वेळी गोळी घेऊन लगेच खाटेवर पाय पसरले. दिव्यानीनं येऊन तिला उठवून बसवलं आणि समोर वेताचा मोडा टाकून स्वतः बसली.

“निजू नका.”

“माहा जीव, मी निजन नाई तं पडन.”

“पडाल तं नाव कोणाचं सांगाल, माहीत हाय मले. म्हणून समोर बसली मी.”

धुरपताबाईच्या तोंडापर्यंत शिवी आली आणि तिथंच थांबली. त्यानंतर दर रविवारी सकाळी तो अर्धा तास त्या दोघी समोरासमोर बसायच्या. कधी एक शब्दही नाही. कधी जुनं भांडण पुन्हा निघायचं, लुगड्याचं, चुलीचं, पहिल्या महिन्यातल्या त्या बोलण्याचं, आणि कोणीच उठून जाऊ शकत नसल्यामुळं ते शेवटपर्यंत भांडून व्हायचं. दिव्यानीनं एक-एक गोष्ट काढली. धुरपताबाईनं काही कबूल केल्या, काही नाही.

पुढच्या रोवण्याला धुरपताबाई बांधीत उतरली नाही. बांधावर खुर्ची टाकून बसली, छत्री धरून. कोणी कंबर धरून उभी राहिली की तिची जुनी सवय उफाळून यायची. एक दिवस एक पन्नाशीतली बाई कंबर धरून उभी राहिली तेव्हा बाकीच्या बाया वाट पाहू लागल्या, आता ही काय बोलते म्हणून.

“किती दिवसापासून दुखते?” धुरपताबाईनं दरडावून विचारलं.

“दोन-तीन महिने झाले, बाई.”

“लुगडं पायात येते का?”

बाईनं खाली पाहिलं. लुगड्याचा काठ चिखलात होता. पण सगळ्यांचाच होता.

“चिखलाचं नको पाहू. घरी जाऊन पाह्य. अन् उद्या रोवण्याले नको येऊ, प्रवीणच्या जीपनं गडचिरोलीले जा. गेली नाई तं माह्या टोळीत पाय ठेवू देनार नाई.”

बाई रागानं पुटपुटत पुन्हा वाकली. पण दुसऱ्या दिवशी ती बांधीत दिसली नाही.

रविवारी गोळी झाली. म्हशीचं दूध तापवून दिव्यानीनं सासूपुढं पेला ठेवला आणि स्वतः काळा चहा घेऊन बसली.

“तू दूध काऊन नाई घेत?” धुरपताबाई म्हणाली.

“मले नाई आवडत.”

“मले बी नाई आवडत. आत्ता पिशीन नाई तं माह्यासारखी होशीन.”

“तुमच्यासारखी मी कोणत्याच बाबतीत नाई होत,” दिव्यानी म्हणाली.

धुरपताबाई म्हणाली, “नको होऊ. पण दूध पी.”

दिव्यानीनं चहाचा कप खाली ठेवला नाही. उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला आणि थोड्या वेळानं ती मशीनवर येऊन बसली तेव्हा तिच्या ओठावर सायीचा पांढरा काठ होता. धुरपताबाईनं तो पाहिला आणि आपला पेला तोंडाला लावला.